बांधावरचा सरडा, बेटावरचा घुसखोर

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही शेताच्या बांधावर थोडा वेळ थांबले, तर ओळखीचे रहिवासी एकेक करून समोर येतात. कुंपणाच्या खांबावर मान वरखाली करणारा सरडा. औतामागून किडे टिपत चालणाऱ्या साळुंक्या. उसाच्या सरीतून झपकन आडवे जाणारे मुंगूस. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर साचलेल्या पाण्यात रात्रभर ओरडणारे पिवळेधमक बेडूक. दिवेलागणीनंतर भिंतीच्या फटीतून पालीच्या मागावर निघालेला कवड्या साप. आणि कुंडीतली माती उकरली की गांडुळासारखा वळवळत बाहेर येणारा वाळा. यांतल्या कोणाचेच आपल्याला नवल वाटत नाही. ते इथलेच आहेत, आपल्याही आधीपासूनचे.

मात्र हेच प्राणी, किंवा त्यांचे अगदी जवळचे भाऊबंद, हिंदी महासागरातल्या आणि प्रशांत महासागरातल्या अनेक बेटांवर आज रानात मोकाट वाढले आहेत, आणि तिथल्या सरकारांनी व शास्त्रज्ञांनी त्यांना घुसखोर ठरवले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांची यादी प्रसिद्ध केली. तीत पक्षी फक्त तीन आहेत. त्यांपैकी दोन आपल्या अंगणातले: साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. भारतातले लहान मुंगूसही त्या यादीत आहे.

इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून वावरलेला प्राणी तिथे जाऊन एवढा विध्वंस कसा करतो? या प्रश्नाचे उत्तर दूरच्या बेटांपुरते नाही. आंबोली-चोर्ल्याचे सडे, गावची तळी आणि विहिरी यांच्या भवितव्याशी त्याचा थेट संबंध आहे.

बेटावर राज्य सरपटणाऱ्यांचे

मॉरिशस, रियुनियन यांसारखी बेटे समुद्रातल्या ज्वालामुखींतून वर आली. ती कोणत्याही खंडाला कधीच जोडलेली नव्हती. त्यामुळे तिथे पोहोचण्याचे मार्ग दोनच होते: उडत जाणे किंवा वाहत जाणे. पक्षी आणि वटवाघळे उडत गेली. वाहत जाण्यात बाजी मारली ती सरपटणाऱ्या प्राण्यांनी.

याचे कारण त्यांच्या शरीरात आहे. सस्तन प्राण्याला अंगाची ऊब टिकवण्यासाठी सतत खावे लागते. वादळात नदीतून वाहत समुद्रात गेलेल्या ओंडक्यावर उंदराएवढा जीव काही दिवसांतच भुकेने आणि तहानेने मरतो. पाल, सरडा किंवा कासव यांना ऊब उन्हातून मिळते, म्हणून त्यांचे अन्न थोडक्यात भागते. खवल्यांची कातडी अंगातले पाणी सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पालीची अंडी खाऱ्या वाऱ्यातही टिकतात. एखादी गाभण मादी किंवा झाडाच्या सालीत चिकटलेली चार अंडी किनाऱ्याला लागली, तर नवी वसाहत सुरू होऊ शकते.

म्हणून अशा बेटांवर, माणूस येण्यापूर्वी, मोठ्या सस्तन प्राण्यांची कामे सरपटणाऱ्यांनी उचलली होती. मॉरिशसमध्ये गवत चरायला गाय-हरीण नव्हते. ते काम राक्षसी कासवे करत. झाडांची फळे खाऊन बिया दूरवर टाकण्याचे कामही त्यांचेच. तिथल्या हिरव्यागार दिनचर पाली फुलांतला मध चाटतात आणि परागीकरण करतात. काही झाडे आजही या पालींवर अवलंबून आहेत.

या जीवांकडे एक गोष्ट मात्र उरली नव्हती: भीती. भीती बाळगणे महागात पडते. सतत सावध राहायचे तर चरायला, जोडीदार शोधायला वेळ कमी मिळतो. जिथे शिकारीच नाही तिथे हा खर्च वाया जातो आणि हळूहळू पिढ्यांमागून पिढ्या सावधपणा विरत जातो. डोडो पक्षी माणसाला पाहून पळाला नाही याचे कारण हेच.

हे किती लवकर घडू शकते, याचा पुरावा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर सापडला आहे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या परिसरात घार-ससाण्यांसारखे शिकारी पक्षी विरळ झाले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पवनचक्क्यांचा भाग आणि बाजूचा मोकळा भाग यांची तुलना करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते आणि गळ्याखाली रंगीत पंखा उघडणाऱ्या सरड्यांची संख्या जास्त होती. त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी आढळले. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पवनचक्क्या येऊन अवघी वीसेक वर्षे झाली होती. एवढ्यात जर वागणुकीत इतका फरक पडतो, तर लाखो वर्षे शिकारीविना राहिलेल्या बेटावरच्या सापसुरळीला मुंगूस काय असते हे कसे कळणार?

उसाच्या मागोमाग

मॉरिशसची कहाणी मराठी माणसाला परकी नाही. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर तिथे ऊस लावायला जाऊ लागले आणि मुंबई बंदरातून गेलेल्या जहाजांत मराठी कुटुंबेही होती. त्यांची मुलेबाळे आज तिथली नागरिक आहेत, गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या वेदगंगा-दूधगंगेच्या काठाला जे पीक, तेच त्या बेटाच्या मळ्यांत. आणि त्या पिकाच्या पायी माणसाने मुद्दाम किंवा नकळत किती प्राणी नेले, याचा हिशेब मोठा आहे.

डच खलाशी १५९८ साली मॉरिशसला उतरले. जहाजांबरोबर उंदीर आले, मागून डुकरे, माकडे, शेळ्या, हरणे आली. डुकरांनी कासवांची अंडी उकरून खाल्ली, खलाशांनी कासवे जिवंतपणी जहाजात भरून नेली. डोडो शेवटचा दिसल्याची खात्रीची नोंद १६६२ ची आहे. मॉरिशसच्या दोन्ही जातींची राक्षसी कासवे कायमची संपली.

मग फ्रेंच काळात टोळधाड आली. तिच्यावर उपाय म्हणून १७६२ साली भारतातून साळुंक्या नेऊन सोडल्या. कीड मारण्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात प्राणी नेल्याचे हे जगातले सर्वांत जुने ठळक उदाहरण मानले जाते. साळुंकीने टोळ खाल्ले, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. ती झाडांच्या ढोलीत घरटे करते आणि त्या ढोल्यांसाठी स्थानिक पक्ष्यांशी भांडते, त्यांची अंडी व पिल्लेही बाहेर फेकते. हवाईत ती १८६५ साली अळ्यांच्या बंदोबस्तासाठी नेली गेली. सेशेल्सच्या काही लहान बेटांवर दुर्मीळ पक्षी वाचवण्यासाठी पुढे एकेक साळुंकी पकडून काढावी लागली.

आपला सरडाही मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियनला पोहोचला. रियुनियनला तो उसाच्या बेण्याबरोबर आला असे मानतात. शेतकऱ्याला हे पटकन समजेल: सरड्याची मादी सैल मातीत उकरून अंडी घालते, आणि बेणे मातीसकट बांधून जहाजात चढवले की अंडी आपोआप प्रवासाला लागतात. भिंतीवरच्या पालीमागे फिरणारा आपला कवड्या सापही मॉरिशस-रियुनियनमध्ये एकोणिसाव्या शतकात स्थायिक झाला. त्याचे खाणे म्हणजे मुख्यतः पाली आणि सापसुरळ्या. ज्या बेटावर सापसुरळ्यांनी असा रात्री फटीत शिरणारा शत्रू कधी पाहिलाच नव्हता, तिथे तो किती सहज पोट भरत असेल याची कल्पना करता येते.

तरीही या बेटांच्या कहाणीत एक उमेदीचा भाग आहे. मॉरिशसच्या उत्तरेला सुमारे २२ किलोमीटरवर राऊंड आयलंड नावाचे छोटे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. तिथे उंदीर कधी पोहोचलेच नाहीत, म्हणून मुख्य बेटावरून नाहीसे झालेले सरपटणारे प्राणी तिथे टिकून राहिले. पण एकोणिसाव्या शतकात तिथे शेळ्या आणि ससे सोडले गेले होते. त्यांनी झाडोरा खाऊन टाकला, माती उघडी पडली आणि पावसाने समुद्रात वाहून गेली. मातीत राहणारा तिथला एक बोआ साप १९७५ नंतर कोणालाही दिसला नाही. त्याचा भाऊबंद असलेला दुसरा बोआ मात्र वाचला. या घराण्याच्या सापांचा वरचा जबडा मधोमध सांधलेला असतो आणि तो दोन भागांत हलतो. इतर कोणत्याही सापांत ही रचना नाही.

१९७९ पर्यंत बेटावरची शेवटची शेळी आणि १९८६ साली शेवटचा ससा काढण्यात आला. झाडी परतू लागली. तिथे टिकलेली टेल्फेअरची सापसुरळी झपाट्याने वाढली, इतकी की पुढे तिला आणि त्या बोआलाही आसपासच्या उंदीरमुक्त केलेल्या बेटांवर नेऊन वसवता आले. २००७ पासून राऊंड आयलंडवर अल्डाब्रा बेटांची राक्षसी कासवे सोडली गेली. नष्ट झालेल्या कासवांचे चरण्याचे आणि बिया पसरण्याचे काम त्यांनी हाती घेतले. घुसखोर वेळेत काढला तर निसर्ग सावरतो, एवढे या बेटाने सिद्ध केले आहे.

मुंगूस आणि उंदीर

बेटांवर माणसाने केलेल्या चुकांत मुंगसाची चूक सर्वांत बोलकी आहे. आपल्या शेतात दिसते ते करडे मुंगूस. त्याचा उत्तर भारतातला लहान चणीचा भाऊ कलकत्त्याहून जगभर गेला. जमैकातल्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारण्यासाठी १८७२ साली नऊ मुंगुसे मागवून सोडली. उंदीर कमी झालेले दिसले आणि ही बातमी ऊस पिकवणाऱ्या प्रत्येक बेटावर पोहोचली. १८८३ साली मुंगूस हवाई आणि फिजीत गेले, १९०० च्या सुमारास मॉरिशसमध्ये.

थोड्याच वर्षांत उणिवा दिसू लागल्या. मुंगूस दिवसा फिरते, उंदीर रात्री. उंदराला झाडावर चढता येते, मुंगसाला तितके येत नाही. उंदीर सावध आणि चपळ. बेटावरचा जमिनीवर घरटे करणारा पक्षी किंवा उन्हात पहुडलेली सापसुरळी सावध नाही. मुंगसाने सोपे भक्ष्य निवडले. कासवांची अंडी, जमिनीवरचे पक्षी, सरडे, सापसुरळ्या यांवर त्याने ताव मारला आणि उंदीर उसात राहिलेच.

आता आपल्या उसाकडे पाहू. आपल्याकडेही उसात उंदीर आणि घुशी आहेत. त्यांच्यावर मुंगूस आहे. पण एकटे मुंगूस नाही. धामण आहे, नाग आणि घोणस आहेत, रानमांजर आहे, कोल्हा आहे, रात्री गव्हाणी घुबड आहे. दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही भरलेल्या. उलट ज्यांना मुंगूस खाऊ शकते, तेही आपल्याकडे तयार आहेत. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, पण अंड्यांचा रंग मातीशी इतका एकजीव की पायाशी असली तरी दिसत नाहीत, आणि मुंगूस जवळ आले की ती आकांत करून त्याला दुसरीकडे ओढते. तितरांची पिल्ले जन्मल्याबरोबर पळू लागतात. हे सारे डावपेच हजारो पिढ्यांत मुरलेले आहेत. मुंगूस इथे संयमी आहे असे नाही. इथे त्याला संयम पाळायला लावणारे शेजारी आहेत. बेटावर ते शेजारी नव्हते.

चूक निस्तरायला किती लागते, हे जपानच्या अमामी ओशिमा बेटाने दाखवले. तिथल्या विषारी हाबू सापाच्या बंदोबस्तासाठी १९७९ साली सुमारे ३० मुंगुसे सोडली. हाबू रात्रीचा, मुंगूस दिवसाचे. दोघांची गाठ क्वचितच पडे. मुंगसांची संख्या वाढत हजारोंवर गेली आणि त्या बेटाचा दुर्मीळ काळा ससा धोक्यात आला. पिंजरे, प्रशिक्षित कुत्री, खास नेमलेली पथके अशी दीर्घ मोहीम चालली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर झाले. सोडायला एक दिवस लागला होता, काढायला दशके लागली.

साप जेव्हा परका होतो

बेटांवरच्या सरपटणाऱ्यांचे बळी गेले, तसे काही सरपटणारे स्वतःच घुसखोर ठरले. अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर तपकिरी झाडसाप आला. तो आपल्याकडच्या मांजऱ्या सापाच्याच कुळातला. रात्री झाडावर चढून घरट्यातले पक्षी आणि अंडी खाणारा. ग्वामच्या पक्ष्यांना झाडावरचा साप माहीत नव्हता. जंगलातल्या बारा मूळ पक्षिजातींपैकी दहा त्या बेटावरून नाहीशा झाल्या. पक्षी गेले, तशी जंगलातल्या कोळ्यांची जाळी अनेक पटींनी वाढली आणि पक्ष्यांवाचून बियांचा प्रसार मंदावला. साप विजेच्या तारांवर चढून वारंवार वीज घालवू लागले. शेवटी मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉलची ८० मिलिग्रॅमची मात्रा भरून ते हेलिकॉप्टरमधून झाडीवर टाकण्याचा उपाय शोधला गेला, कारण तेवढी मात्रा त्या सापाला मारक ठरते.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंडवर १९८७ साली कवड्याचा आग्नेय आशियातला भाऊबंद आढळला. त्या बेटावर सरडे-पालींच्या मूळ जाती मोजक्याच होत्या. काही दशकांत त्या कोसळल्या. दोन जाती आज केवळ माणसाच्या देखरेखीखाली वाढवून टिकवलेल्या आहेत. तिथली रानसापसुरळी तर गेलीच. तिचा शेवटचा ज्ञात जीव ३१ मे २०१४ रोजी पिंजऱ्यात मेला.

सगळे परके साप असे विध्वंसक नसतात. वाळा हे त्याचे उदाहरण. वीतभर लांब, चकचकीत काळसर, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या हे त्याचे अन्न. माणसाला त्यापासून कसलाही धोका नाही. १८०३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते विशाखापट्टणमच्या नमुन्यावरून काढलेल्या वर्णनावरून. आज हा जमिनीवरच्या सापांत जगात सर्वाधिक पसरलेला साप आहे. मेक्सिको, फ्लोरिडा, हवाई, मॉरिशस, सेशेल्स, सगळीकडे तो आहे. रोपांच्या कुंड्यांतल्या मातीतून तो जगभर गेला. आणि त्याला हे जमले याचे मोठे कारण म्हणजे या जातीत नरच नाहीत. प्रत्येक वाळा ही मादी असते आणि नराशिवाय अंडी घालते. म्हणजे एका कुंडीतून गेलेला एकच जीव नव्या देशात वंश सुरू करू शकतो.

आपलीच बेटे: अंदमान

मराठी वाचक अंदमानला सेल्युलर जेलमुळे ओळखतात. निसर्गाच्या अभ्यासकांसाठी ती बेटे म्हणजे भारतभूमीवरच घडत असलेला हाच प्रयोग आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी तिथे चितळ सोडले. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात किंवा दांडेलीत चितळ दिसले की आपल्याला आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. तिथे बिबट्या आहे, वाघ आहे, कोळसून आहेत. अंदमानात चितळाची शिकार करणारे कोणीच नव्हते. ते बेटामागून बेटावर पोहत पसरले आणि जंगलाच्या तळाची रोपे, झुडपे खाऊन टाकू लागले.

याचा सर्वांत जास्त फटका कोणाला बसला, तर सरड्यांना. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चितळ असलेली आणि नसलेली बेटे तपासली गेली. खालच्या झुडपांत आणि बुंध्यांवर राहणारे सरडे चितळ असलेल्या ठिकाणी स्पष्टपणे कमी होते. चितळ सरडा खात नाही; ते सरड्याचा आडोसा खाते. कमी झालेल्या या सरड्यांत अंदमान-निकोबारखेरीज जगात कुठेही न आढळणारे सरडे आहेत.

दुसरा घुसखोर म्हणजे मृगाच्या पावसात ओरडणारा आपलाच मोठा पिवळा बेडूक. मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून आलेल्या माशांच्या बीजात त्याचे बेडूकमासे मिसळून अंदमानात पोहोचले असे मानले जाते. ते बेडूकमासे हिंस्र असतात. संशोधकांनी त्यांना अंदमानच्या मूळ बेडकांच्या बेडूकमाशांबरोबर ठेवून पाहिले, तेव्हा मूळ बेडकांचा एकही बेडूकमासा वाचला नाही.

आपल्या दारात आलेले परके

हा प्रवास एकाच दिशेने झालेला नाही. १८४७ साली मॉरिशसहून एक इंग्रज अभ्यासक आफ्रिकन राक्षसी गोगलगाय कलकत्त्याला घेऊन आला. तीच गोगलगाय आज देशाच्या अनेक भागांत भाजीपाला आणि पिकांचा फडशा पाडते. डासांवर उपाय म्हणून १९२८ साली गंबुसिया मासा भारतात आणला. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडूकमासे आणि इतर माशांची अंडीही खातो. चिलापी मासा १९५२ साली आला आणि आज कृष्णेच्या खोऱ्यातल्या तळ्यांत, धरणांत जाळे टाकले की तोच आधी हाती लागतो. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी चोरून पाळला जातो आणि पुरात तळी फुटली की नदीत उतरतो. मासेघरांतून घेतलेले लाल कानाचे कासव मोठे झाल्यावर लोक तळ्यात सोडून देतात. केरळमध्ये ते मोकळ्या पाण्यात सापडले आहे. तेही त्या १०० उपद्रवी जीवांच्या यादीत आहे.

खंडावर असल्याने आपल्याला धोका कमी, असे समजण्यात चूक आहे. समुद्राने वेढलेली जमीन तेवढीच बेट नसते. आंबोली, चोर्ला, कणकुंबीकडचे जांभ्या दगडाचे सडे पाहावेत. खाली दाट जंगल, वर उघडा खडक, पावसाळ्यात साचणारी उथळ डबकी आणि उन्हाळ्यात भाजून निघणारा कातळ. या सड्यांवर राहणाऱ्या जिवाला खालचे जंगल ओलांडून पलीकडच्या सड्यावर जाता येत नाही, म्हणून प्रत्येक सडा हे एक स्वतंत्र बेट ठरते. आंबोलीच्या कातळावरचा व्याघ्रपट्ट्यांचा भेक २००९ साली शास्त्राला माहीत झाला. अतिशय छोट्या भागातच तो राहतो. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि लगतच्या उत्तर कर्नाटकातल्या एका जमिनीखाली राहणाऱ्या सापाला २०१६ साली सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या नावावरून नाव मिळाले. अशा जिवांना पळून जायला दुसरी जागा नाही. सड्यावरच्या एका डबक्यात गंबुसिया सोडला, तर त्या वर्षीचे सगळे बेडूकमासे संपू शकतात.

विहीर हेही एक बेट आहे, गावतळे हेही. त्यात काय सोडायचे हे आपल्या हातात असते, सोडल्यानंतर ते परत काढणे मात्र आपल्या हातात राहत नाही.

आपण काय करू शकतो

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने परक्या आक्रमक जीवांची आयात, व्यापार आणि पाळणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. कायदा आवश्यक आहे. पण बहुतेक घुसखोर सरकारी जहाजातून येत नाहीत. ते कुंडीतून, मत्स्यबीजाच्या पिशवीतून, मुलाच्या हट्टापायी घेतलेल्या काचेच्या टाकीतून येतात. म्हणून काही गोष्टी आपल्यालाच पाळाव्या लागतील.

घरातले पाळीव मासे किंवा कासव नको झाले तर तळ्यात, नदीत, विहिरीत किंवा मंदिराच्या कुंडात सोडू नका. वनखात्याला कळवा किंवा दुकानदाराला परत द्या. आपले देशी कासव पाळणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा. शेततळ्यात मत्स्यबीज सोडताना जाळीतून गाळून घ्या आणि कोणती जात आहे हे खात्रीने विचारा. डासांसाठी मासे सोडायचे असतील तर ते बंदिस्त टाक्यांत सोडा, सड्यावरच्या किंवा ओढ्यातल्या नैसर्गिक पाण्यात नाही. रोपवाटिकेतून रोप आणले की मातीत गोगलगायीची अंडी आहेत का ते पाहा.

सर्पमित्रांसाठीही एक विनंती. घरात निघालेला साप पकडून दूरच्या घाटातल्या जंगलात सोडणे म्हणजे त्याचे भले करणे नव्हे. आगुंब्याच्या नागराजांवरील २०१३ च्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला साप ठिकाण न सापडल्यासारखा दूरदूर भटकताना आढळला. निपाणीच्या शेतातला नाग चोर्ल्याच्या जंगलात परका असतो. पकडलेला साप त्याच परिसरात, सुरक्षित जागी सोडावा.

सरडा, साळुंकी, मुंगूस, कवड्या यांपैकी कोणीही वाईट नाही. आपल्या शेतात ते कीड खातात, उंदीर खातात, पाली आटोक्यात ठेवतात. त्यांना आवर घालणारे शिकारी आणि त्यांच्यापासून बचाव जाणणारे भक्ष्य, दोन्ही इथे आहेत. त्या नात्यांपासून तोडून कोणताही प्राणी दुसरीकडे नेला की तो घुसखोर होऊ शकतो आणि तिथला मूळ जीव संपू शकतो. संपलेली जात परत आणता येत नाही. म्हणून कोणताही प्राणी, दयेने असो वा हौसेने, जिथला नाही तिथे सोडू नये. हा एक नियम आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाने पाळला, तरी आंबोली-चोर्ल्याचे सडे आणि आपली तळी पुढच्या पिढीला आज आहेत तशी पाहायला मिळतील.